वळचण

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून
वडिलांना पाचनंतरचा सूर्य चालत नाही.
आणि लॉर्ड्सबर्गहून आमच्या घराचा रस्ता
नेमका पाचनंतरच्या सूर्यात शिरतो,
बावीस मैल, एकही वळण नाही.

गाडी तू चालव, असं म्हणत नाहीत.
व्हायझर बसव म्हणतात.

तो मिळाला वेंडेल टॅकेटच्या भंगारात,
कुठल्याशा फोर्डच्या कपाळावरून उतरवलेला,
हिरवा, एका टोकाला बंदुकीच्या गोळीचं भोक.
आमची शेव्हरले बहात्तरची, सायीच्या रंगाची.
"उन्हाला रंग कळत नाही, एउसेबिओला सांग,"
म्हणत वेंडेलने चाळीस डॉलर मोजून घेतले,
मागच्या काचेच्या झडपा वर फुकट दिल्या.
अकरापैकी दहा पट्ट्या शाबूत.

पहाटेच लागले कामाला,
पत्रा हाताला सोसतोय तोवर.
गाडीलाही वळचण असते, मला माहीत नव्हतं:
टपाच्या कडेने बारीक पन्हळ,
पावसाचं पाणी दारात गळू नये म्हणून.
खिळ्याने उकरली. निघाली
वाळू, वाळून कोळ झालेली एक गांधीलमाशी,
जुन्या रंगाचे तीन थर.
पाणी तिने शेवटचं कधी पाहिलं, तिलाच ठाऊक.
तिच्यावरच क्लॅम्प बसवायचे,
पावसासाठी केलेल्या कडेला
सावली टांगायची.

वडील शेजारी खुर्ची टाकून,
दवाखान्याचा काळा चष्मा अजून सोडलेला नाही.
तांब्याच्या भट्टीसमोर एकतीस वर्षं काढली
तेव्हा या डोळ्यांनी हूं की चूं केलं नाही.
दिसत नसलं की सूचना जास्त देतात.
"मधला बोल्ट आधी आवळू नकोस.
दोन्ही टोकं धर, सैल.
लोखंडाला जरा टेकू दे,
नव्या पाहुण्यासारखं."

फोर्डचं कपाळ दोन बोटं अरुंद निघालं.
पट्टी शेगड्यात धरून वाकवली,
परत वाकवली, तिसऱ्यांदा मोडली.
शेवटी कोंबड्यांच्या फाटकाची बिजागरी कापून जोडली.
फाटक आता तारेने बांधलंय.
कोंबड्यांना अजून पत्ता नाही.

झडपा मात्र गुणी. चार स्क्रू, रबराची पट्टी,
वरच्या कडेला उचलता येतात काच पुसायला.
आरशात पाहिलं तर चिस्पा मागे उभी,
कान, मग काळं, मग डोळे, मग काळं,
मग जीभ:
कुत्री हप्त्याहप्त्याने.

दुपारी गावात चक्कर.
व्हायझरने गावातला एकुलता सिग्नल झाकला.
स्टीअरिंगवर छाती टेकून, मान तिरपी करून
वर बघावं लागतं.
"दिव्याला नमस्कार करायला लावलास," म्हणाले.
हायवेवर साठला काटा गेला तसं
गोळीचं भोक शिट्टी वाजवू लागलं.
मी म्हटलं, उद्या बुजवते.
"राहू दे. काटा मला नीटसा दिसत नाही."
यावर मी काय बोलणार.

परतताना पाच वाजून वीस मिनिटं.
सावलीची कड आधी त्यांच्या छातीवर होती,
मग हनुवटीवर, मग ओठांवर, मग नाकाच्या शेंड्यावर.
सूर्य खाली, ती वर.
मी आदल्या रात्री कागदावर हिशेब केला होता,
हा शेवटच्या चार मैलांचा राहून गेला.
भुवयांपर्यंत कड आली
आणि सूर्य सरळ व्हायझरच्या खालून आत.

वडिलांनी गाडी कडेला घेतली.
शिवी दिली नाही. मला वाटलं, आता किल्ली देतील.
त्यांनी खडीवरच गाडी उलटी फिरवली,
तोंड पूर्वेला, पाठ सूर्याला,
इंजिन बंद.
झडपांतून ऊन आलं चिरून चिरून
डॅशबोर्डवर, माझ्या गुडघ्यांवर.
अकरावी पट्टी नाही तिथून
सबंध आलं, रुंद,
त्यांच्या किल्लीवरच्या हातावर थांबलं.

बारा मिनिटं लागली त्याला विझायला.
तोवर तीन ट्रेलर गेले, गाडी तीनदा हलली.

"वेंडेलला विचार," चष्मा काढत म्हणाले,
"ती अकरावी कुठे घातली."